कधीपासून दुखतंय?

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. फाईल निदान अपलोड झाली की कपाटात जाते. किस्सा कुठे अपलोड करायचा? तो माझ्यासोबत एसटीत बसून घाट उतरतो, मोताळ्याला घरी येतो, जेवायला बसलं की आठवतो. नवऱ्याला सांगितला तर तो हसतो, आणि मी हसता हसता ताटावरून उठते. असे कितीतरी झाले. आज बसलाच आहात तर सांगते.

बुलढाण्यात आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाला लागून एक काचेची खिडकी आहे. वर पाटी, 'कॅशलेस'. त्या खिडकीमागे मी बसते. काम काय? वरच्या मजल्यावर माणूस आजारी असतो, खाली आम्ही त्याचा नंबर करतो. प्रत्येक आजाराला कोड, प्रत्येक ऑपरेशनला कोड. तो विमा कंपनीला पाठवायचा. तिकडून मंजुरी येते, नाहीतर 'क्वेरी' येते. क्वेरी म्हणजे शंका. कंपनीला जितक्या शंका येतात तितक्या संशयी सासूलाही येत नसतील!

हे काम मला वानखडे काकांनी शिकवलं. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले आणि आमच्याकडे बिलिंगला आले. अक्षर मोत्यासारखं, डोक्यात दोन-अडीच हजार कोड, आणि एक आकडा चुकला तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे सगळे किस्से घडत होते तेव्हा काकांच्या घरी काकूंचं पोट दुखत होतं. उजवीकडे, बरगडीखाली. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. काकांनी दोघांची पॉलिसी काढली होती, आणि पित्ताच्या खड्यासारख्या आजारांना पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. दोन वर्षं कधी पुरी होतात ती तारीख काकांनी टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. "पॉलिसी पिकू दे," म्हणायचे. जसा काही पाडाचा आंबा!

०

काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, कोड राहत.

एकदा आम्ही दोघं कामासाठी मोताळ्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस. गर्दीतून एक जण हात जोडत आला, "नमस्कार साहेब, वयखलं का?"

काकांनी चष्मा वर केला. दोन सेकंद त्याच्याकडे पाहिलं आणि भर बाजारात ओरडले, "अरे! उजवा हर्निया, जाळी टाकलेला!"

वांगी घेणाऱ्या बाया मागे वळून बघायला लागल्या. तो माणूस लाजून लाल. पण गंमत सांगू? तो काकांचा हात धरून म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळं पास झालं. नाव इसरले तं इसरले." आणि जबरदस्तीने दोन किलो वांगी पिशवीत घातली.

०

आता मुख्य गोष्ट. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट प्रश्न कोणता? "कधीपासून दुखतंय?"

डॉक्टर साधेपणाने विचारतात. पेशंट साधेपणाने सांगतो. ते केसपेपरवर लिहिलं जातं, आणि कंपनी नेमकं तेवढंच वाचते.

संग्रामपूरकडचे एक बाबा आले होते. हर्नियाचेच. पॉलिसी पोराने काढलेली, तीन वर्षांची. वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, कधीपासून? बाबा म्हणाले, "वीस वर्षं झाले!" झालं. आजार पॉलिसीच्या आधीचा, लपवून ठेवला, क्लेम नामंजूर.

बाबा खिडकीशी आले. "बाई, म्या वाढवून सांगतलं हो!"

"काऊन बाबा?"

"आता दोन-तीन वर्षं म्हणलं असतं तं डॉक्टरीणबाईनं ध्यान देलं असतं का? मले वाटलं, जितकं जास्त सांगतलं तितकं लवकर घेतीन."

मी म्हटलं, बाबा, आता कागदावर आलं. त्यांनी खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक केलं. "बरं, दहा लावा."

"बाबा, तसं नसतं."

"पाच लावा! जाऊ द्या, ना तुमचं ना माह्यं, अडीच लावा आन् मिटवा!"

मागच्या रांगेत लोक खो-खो हसले. मीही हसले. बाबाही हसले. मग त्यांनी धोतराचा सोगा पोटाशी आवळून बांधला आणि ऑपरेशन न करता परत गेले. त्यांना मुळात किती वर्षं त्रास होता, ते आम्ही शेवटपर्यंत विचारलंच नाही.

०

त्या दिवसापासून काकांनी शिकवणी सुरू केली. पेशंट डॉक्टरांकडे जायच्या आधी त्याला खिडकीशी बोलवायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "कधीपासून विचारलं की दिवस सांगायचे. वर्षं नाही, महिने नाही. दिवस!"

लोक इमानदारीने पाठ करून जायचे. एकदा डॉक्टर मॅडम तणतणत खाली आल्या. हातात सहा केसपेपर. "काका, हे काय आहे? बुलढाणा जिल्ह्यातले सगळे आजार मागच्या गुरुवारीच सुरू झाले का?"

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, गुरुवार चांगला वार आहे."

"आणि मी औषध कशाच्या भरवशावर देऊ? मला खरं कोण सांगणार?"

काकांनी पुढची फाईल ओढली. मी मात्र तोंडावर पदर धरून हसत होते. आता त्या हसण्याची लाज वाटते मला.

०

दुसरा प्रश्न, "कसे पडलात?"

हाड मोडलं की कंपनीला घटनेचं पत्र लागतं. मोटारसायकलवरून पडलं लिहिलं तर लायसन मागतात. मारामारी म्हटलं तर पोलीस. म्हणून आमच्याकडे सगळे बाथरूममध्ये घसरून पडतात. ओळ ठरलेली. मी तर झोपेत लिहू शकते.

मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यातला माणूस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं. मी सवयीने पत्र लिहिलं, 'राहत्या घरी बाथरूममध्ये पाय घसरून'. त्याने अंगठा दिला.

कंपनीने चौकशीला माणूस पाठवला. तो थेट गावात, घरी. त्याची बायको अंगणात गोवऱ्या थापत होती. "ताई, तुमचं बाथरूम दाखवा."

बाई खूश झाली! तिला वाटलं पंचायतीचा माणूस आला. "या ना भाऊ, कवाची वाट पाहून राह्यलो तुमची! हे पाहा, इथं बांधाचं हाय. कवा मंजूर करता?"

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, आणि शंभरही वेळा लोक हसलेत. पण हाड खरं मोडलं होतं हो. खोटं फक्त माझं पत्र होतं, आणि त्या पत्रानेच क्लेम गेला. ट्रॉली लिहिलं असतं तर दोन क्वेऱ्या आल्या असत्या, चार दिवस उशीर झाला असता, पण पास झालं असतं. तो आजही लंगडत चालतो. बाजारात दिसला की मी दुकानाच्या आड होते.

०

काकू दर दोन-चार दिवसांनी काकांचा विसरलेला डबा घेऊन यायच्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, तोंडाने फटकळ. खिडकीशेजारच्या बाकावर बसायच्या आणि उजवा हात नकळत बरगडीखाली जायचा.

एकदा मी म्हटलं, "काकू, एकदा सोनोग्राफी करून टाका ना. वरच्या मजल्यावर तर आहे."

काका फाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "सोनोग्राफी केली की कागदावर तारीख लागते. तारीख लागली की गेलं. चार महिने राहिले आता."

काकू हसल्या. "पाह्य वं सुनिता. याईले बायको दिसतच नाही. फाईल दिसते!"

"जास्त दुखतं का काकू?"

"दुखते न् थांबते. ओवा खाल्ला की बरं वाटते."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "मग चार महिने काढा कसेतरी." हे मी म्हटलं, माझ्या तोंडाने. कॅलेंडर पण मीच रोज बघायचे, आणि सकाळी आल्या आल्या काकांना सांगायचे, "एकशे दोन राहिले काका! शहाण्णव राहिले!"

०

मध्ये एक फोटोची भानगड झाली. पेशंट खरंच भरती आहे हे दाखवायला बेडवरचा फोटो पाठवावा लागतो. जवळच्याच खेड्यातली एक तरणी बाई भरती होती, कावीळ डोक्यात जाते की काय अशी अवस्था. मी मोबाईल घेऊन वर गेले आणि "फोटो काढायचा आहे" म्हटलं. तिच्या सासूने मला दाराबाहेर थांबवलं. "पाच मिनिटं थांबा, बाई."

आत गेले तर काय! वेणी घातलेली, पावडर लावलेली, ठसठशीत कुंकू, लग्नातला शालू, आणि हाताला सलाईन. सासू म्हणते, "सरकारदरबारी जाईन फोटू. घरची अब्रू हाय."

दुसऱ्या दिवशी क्वेरी आली, 'रुग्ण तंदुरुस्त दिसत आहे. भरती करण्याचे कारण स्पष्ट करा.'

काकांनी उत्तर लिहिलं, 'रुग्णाचा हा आयुष्यातील दुसरा फोटो आहे. पहिला लग्नातील. म्हणून नटल्या आहेत. आजार रक्ताच्या रिपोर्टात आहे, चेहऱ्यात पाहू नये.' तासाभरात मंजुरी! काकांच्या त्या उत्तराची प्रिंट काढून आम्ही भिंतीवर लावली होती.

बाई नवव्या दिवशी गेली. महिन्याभराने तिचा नवरा आला. तो फोटो पाहिजे होता त्याला. लग्नातल्या फोटोत सगळं गाव होतं, ती एकटी असलेला हा एकच. मी कॉम्प्युटरमधून काढून दिला. त्याने बराच वेळ पाहिला, मग हळूच विचारलं, "ताई, याच्यातली सलाईन काढता येते का?"

मी फोटो स्टुडिओचा पत्ता सांगितला. दुसरं काय सांगणार होते मी?

०

आणि चोवीस तासांचा किस्सा. पैसे मिळायला निदान चोवीस तास भरती राहावं लागतं, असा एक नियम. एक म्हातारे सकाळी दहाला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वारले. क्वेरी आली, 'भरतीचा कालावधी बावीस तास. खुलासा करावा.'

खुलासा काय करणार? मुलाला बोलावून वाचून दाखवलं. चांगला शिकलेला, शाळेत मास्तर होता. त्याने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "आधी माहीत असतं तर मी बाबांना म्हटलं असतं हो, अजून दोन तास थांबा म्हणून."

काका त्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर असे भांडले, असे भांडले, की औषधाच्या दुकानातली गर्दी ऐकत उभी राहिली. पास करून घेतला त्यांनी. लोकांसाठी भांडायचे, हे कबूल केलंच पाहिजे. फोन ठेवल्यावर पाणी प्यायले आणि कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "एकोणीस."

०

लाल गोलाची तारीख उलटली. त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला काका काकूंना घेऊन आले. काकूंनी नवं पातळ नेसलं होतं. डोळे थोडे पिवळे वाटले मला. उन्हाने असेल, असं मी स्वतःला समजावलं.

काकांनी शिकवणी घेतलीच नाही. गरजच नव्हती. इतकी वर्षं रोज जेवताना आमच्या खिडकीवरचे किस्से ऐकून काकू तयार झालेल्या. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" काकू पटकन म्हणाल्या, "चार दिवस झाले."

"याआधी कधी?"

"कधीच नाही, बाई."

सोनोग्राफीत खडे निघाले. मंजुरी दोन तासांत आली. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, ऑपरेशनला घेतलं. तासाभराचं काम होतं. सर पंचवीस मिनिटांत बाहेर आले आणि काकांना जिन्याजवळ घेऊन गेले. मी मागेच होते.

"काका, पित्ताच्या पिशवीपुरतं नाही राहिलं. लिव्हरमध्ये पसरलंय. तुकडा तपासायला पाठवतो, पण मला शंका नाही. चार दिवसांत असं होत नाही. आधी खरंच काही त्रास नव्हता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा कोड बदलायचा होता. मी म्हटलं, मी टाकते काका. ते म्हणाले, "नको. माझी फाईल मी करतो." दोन हजार कोड तोंडपाठ असलेला माणूस त्या दिवशी कोडाचं पुस्तक उघडून पानं उलटत बसला. मला फार रडू आलं. मी औषधाच्या दुकानामागे जाऊन रडून घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी अंतिम मंजुरीचा मेसेज आला. एकही क्वेरी नाही. मी वर गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, काका स्टुलावर संत्रं सोलत होते. मोठे सर राऊंडला आलेले, नाडी बघत होते. काकूंना आदल्याच दिवशी त्यांनी सगळं सांगितलं होतं.

"पास झालं का वं?" काकूंनी मला विचारलं.

"हो काकू. पूर्ण."

"आता काही वापस घेत नाहीत ना?"

"नाही काकू."

"मंग आता या डॉक्टरसाहेबाले खरं सांगू दे मले." काकूंनी सरांच्या हातावर हात ठेवला. "साहेब, चार दिवस नाही. आमच्या पोरीच्या, सोनीच्या लग्नापासून दुखून राह्यलं. तिच्या हळदीच्या दिवशी पयल्यांदा उठलं होतं. याईलेबी नाही सांगतलं. तवा हे कागदावर खरं लिहिणारे, यायनं पॉलिसीच्या फॉर्मातच लिहून टाकलं असतं आन् पॉलिसीच भेटली नसती."

काकांच्या हातातलं संत्रं खाली पडलं. ते ताडकन उभे राहिले.

"सर, हे लिहू नका! लग्न पॉलिसीच्या आधीचं आहे! लिहू नका सर!"

सरांच्या हातात पेन नव्हताच.